थंड इस्त्री आणि दीडशेचा फ्यूज

भाऊजींना वहिनीचा नमस्कार. (आशीर्वादच लिहिणार होते, पण पन्नाशी ओलांडलेल्या दिराला आशीर्वाद दिला की देणारीचं वय उघड्यावर येतं, म्हणून नमस्कारावर भागवते आहे.) तुमचा गुडघा आता कसा आहे? तो जिना चढताना दुखतो की उतरताना, हे तुम्ही मागच्या पत्रात लिहिलं नव्हतंत. तुमच्या बंधूंचं मत असं की चढताना दुखला तर हाडाचा दोष आणि उतरताना दुखला तर स्वभावाचा. जाऊबाईंनी गच्चीत लावलेली टोमॅटोची रोपं जगली का? आमची इथली सगळी गेली. मी त्यांना पाणी घालत होते, हे बाबांना ठाऊक नव्हतं, म्हणून तेही घालत होते. बाकी आम्ही सगळे खुशाल आहोत. 'सगळे' या शब्दात बाबा, तुमचे बंधू, मी आणि गाडी एवढे येतात. पैकी गाडीच्या खुशालीबद्दल जरा विस्ताराने लिहावं लागणार आहे, तेव्हा पाय लांब करून, गुडघ्याखाली उशी घेऊन बसा.

तुम्ही पाठवलेलं खोकं व्यवस्थित पोचलं. आत अँप्लिफायर होता, ढोलासारखे खर्जातले आवाज काढणारा, लहान कपाटाएवढा तो वूफर होता, बोटभर जाडीची लाल वायर होती, आणि बाबांच्या बँडची कॅसेट ज्यावर उतरवून घेतलीत तो पेनड्राइव्हही होता. तो मात्र इतका लहान, की तुमच्या बंधूंनी तो पहिल्या दिवशी बटणांच्या डब्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर शोधला. तुम्ही हे सगळं का पाठवलंत ते तुम्हाला माहीत आहेच. तरी लिहिते, कारण पुढे जे घडलं त्यात आम्ही तिघंही ते अधूनमधून विसरत होतो. बाबांनी अग्निशामक दलात चोवीस वर्षं दिवसा आगी विझवल्या आणि संध्याकाळी दलाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवला. त्या बँडचं एकच ध्वनिमुद्रण शिल्लक आहे, दलाच्या वर्धापनदिनाचं. गाडीतले मूळचे स्पीकर म्हणजे बशीएवढे. त्यांतून ट्रंपेट ऐकू येतो, क्लॅरिनेट ऐकू येतो, झांजा तर नको इतक्या ऐकू येतात. ऐकू येत नाही तो फक्त ढोल. त्यात बाबांचे कान आता वयोमानाप्रमाणे वागू लागलेत, आणि कानात घालायचं यंत्र ते टेबलाच्या खणात घालतात. तेव्हा दर वेळी असं व्हायचं की बँड सुरू झाला की बाबा मान पुढे करून ऐकायचे, बोटांनी गुडघ्यावर ठेका धरायचे, आणि थोड्या वेळाने बोटं थांबवून विचारायचे, "सगळे आहेत. मी कुठे आहे?" पहिल्यांदा आम्ही हसलो. दुसऱ्यांदाही हसलो असू. तिसऱ्यांदा तुमचे बंधू समोरच्या काचेतून रस्त्याकडे जरा जास्तच निरखून बघायला लागले आणि त्याच संध्याकाळी त्यांनी तुम्हाला फोन केला.

शिवाय यात एक जुना खटलाही गुंतलेला आहे. त्याच कार्यक्रमात, तिसऱ्या संचलनगीताच्या मध्यावर, ट्रंपेटवाला अर्धा ठोका आधी घुसला आणि सगळ्या बँडचा विचका झाला, असं बाबा एकतीस वर्षं सांगत आले आहेत. (ट्रंपेटवाल्यांना बाबा 'फुंकणी' म्हणतात. त्यांचं खरं नाव घरात इतक्या वर्षांत कुणी उच्चारलेलं नाही. मला तर ते माहीतही नाही.) दोघं एकाच आगीच्या बंबावर होते, एकाच डब्यातून जेवत होते, आणि त्या दिवसापासून बोलेनासे झाले. ते ट्रंपेटवाले हल्ली तुमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहतात, हे तुम्ही कळवलंत तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "तिथेही लवकरच पोचला असेल." तर सांगायचं असं की ढोल ऐकू येणं हा नुसता संगीताचा प्रश्न नव्हता, बाबांच्या लेखी तो पुरावा होता.

आता तुमच्या बंधूंकडे वळते. तुम्ही खोक्यात चार ओळींची चिठ्ठी घातली होतीत. शिंप्याच्या हातात आकडे लिहिलेला कागद पडला की त्याचं काय होतं हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं. यांनी तो मापाच्या वहीत उतरवला. वर लिहिलं 'गिऱ्हाईक: गाडी'. खाली एकाखाली एक: बॅटरी ते डिकी सतरा फूट, फ्यूज साठ, बॅटरीपासून एका हाताच्या आत. (माझा यावर आक्षेप नाही. घरातली सगळी महत्त्वाची माणसं त्या वहीत आहेत, मी लग्नाआधी तीन महिने आले.) मग तुमच्या चिठ्ठीची आठ पदरी घडी घालून तिला दुकानातल्या डुगडुगणाऱ्या मशीनच्या पायाखाली नोकरी दिली. इथवर ठीक. पण वहीच्या समोरच्या पानावर आपल्या दातांच्या डॉक्टरांची मापं लिहिलेली होती, आणि वहीची आखणी दोन्ही पानांवरून सलग जाते. फ्यूज घ्यायला निघताना यांनी घाईत ओळ धरली ती बरोबर, पण पान चुकलं. डॉक्टरांची कंबर तीस आहे. हे बाजारात जाऊन तीसचा फ्यूज घेऊन आले.

मी म्हटलं, एकदा भाऊजींना फोन करून विचारा. तर म्हणाले, "ज्याला स्क्रू कुठल्या बाजूने पिळायचा ते मी शिकवलं, त्याला मी विचारू?" (तुम्ही लहानपणी घरातलं घड्याळ ज्या बाजूने पिळून कायमचं बंद पाडलंत, ती बाजू यांनीच शिकवली होती का, हे सवडीने कळवा.)

दुसरी अडचण वायरची झाली. तुमची ती बोटभर वायर गाडीच्या कार्पेटखालून नेली, तर कार्पेटला मधोमध उंचवटा आला. आता तुमच्या बंधूंना तुम्ही ओळखता. अस्तराची सुरकुती बाहेरून दिसत नसली तरी ज्यांना झोप लागत नाही, त्यांना हा उंचवटा कसा सोसावा? अर्धा तास ते कार्पेटवरून हात फिरवत बसले आणि शेवटी म्हणाले, "फिनिशिंग गेलं." मग तुमची वायर गुंडाळून माळ्यावर गेली आणि पंखे दुरुस्त करणाऱ्याकडून एक बारीक, सुबक, काडीसारखी वायर आली. ती कार्पेटखाली अशी बसली की जणू नव्हतीच. फ्यूजही यांनी पुढे बॅटरीजवळ न लावता मागे डिकीत, अँप्लिफायरच्या शेजारी लावला. कारण पुढे तो उघडा दिसतो, आणि उघडं दिसणारं बटण हे म्हणे कारागिराच्या तोंडावर मारल्यासारखं असतं.

पहिली चाचणी दारातच झाली. बाबा पुढच्या सीटवर. बँड सुरू झाला, पहिला ठोका पडला तो थेट सीटच्या पाठीतून बाबांच्या पाठीत. दुसरा पडला. तिसऱ्याला डिकीत बारीकसं 'टिक' झालं आणि ढोल गायब. बाबांनी मान वळवून यांच्याकडे बघितलं. एखाद्या लग्नाळू मुलाने नवा कोट घालून दंड वर करावा आणि काखेत उसवावं, तेव्हा त्याचा बाप शिंप्याकडे बघतो, तसं. यांनी फ्यूज काढून उजेडात धरला, आतली तार तुटलेली पाहिली आणि निदान केलं, "आखूड बेतलं."

शिंप्याच्या धंद्यात याला एकच औषध, ते म्हणजे माया. तुम्ही त्या घरातलेच, तुम्हाला सांगायला नको. तरी जाऊबाई वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगते, की शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला हे लोक माया म्हणतात. गिऱ्हाईक पुढेमागे सुटलं, तर कपडा सैल करता येतो. (मी वर्गात वेदान्तातली जी माया शिकवते तिच्यात नसलेलं दिसतं आणि असलेलं दिसत नाही. यांची माया तशी नाही, ती टेपने मोजता येते. म्हणून संसार झाला.) तर तीस आखूड पडला म्हटल्यावर यांनी पन्नास घेतला नाही, साठ घेतला नाही, गिऱ्हाईक वाढत्या अंगाचं आहे असं धरून एकदम दीडशेचा घेतला. दुकानदाराने का म्हणून विचारलं नाही. दीडशे मागितला, दीडशे दिला. मला मात्र घरी येऊन अभिमानाने दाखवला, "आता बापजन्मात तुटायचा नाही." आणि भाऊजी, यांनी आयुष्यात जी अगदी मोजकी खरी भाकितं केली, त्यांतलं हे एक.

रविवारी सकाळी आम्ही तिघं नदीच्या रस्त्याने फिरायला निघालो. बाबा पुढे, मी मागे, आणि माझ्या पायांखालच्या कार्पेटखाली ती सुबक वायर. हे गाडी हाकता हाकता आवाज वाढवत गेले, कारण बाबांचा हात सारखा 'अजून, अजून' करत होता. आणि मग भाऊजी, ढोल आला. मी खोटं बोलणार नाही, माझ्या सुद्धा बरगड्यांत आला. बाबांनी हात वर केला, एक बोट उभं केलं आणि म्हणाले, "हा मी." पुढच्या ठोक्याला पुन्हा, "हा मी." ब्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या तोंडावर एवढा आनंद मी त्याआधी एकदाच पाहिला होता, तुम्हाला नोकरी लागली तेव्हा, आणि त्यात आश्चर्याचा भाग जास्त होता. दर ठोक्याला समोरच्या पट्टीवरचे दिवे मंद होत होते. हे मला आरशातून म्हणाले, "बघ, गाडीसुद्धा मान डोलावते आहे." मला स्वतःला फार बरं वाटत होतं. तळपाय गेली दोन वर्षं बर्फासारखे गार असतात, ते छान ऊबदार झाले होते. मनात म्हटलं, संगीताने रक्ताभिसरण सुधारतं म्हणतात, त्यात तथ्य असावं.

एवढ्यात वास आला. इस्त्रीखाली नायलॉनचं कापड सापडलं की जो येतो, अगदी तो. शिंप्याच्या घरात हा वास कुठल्याही झोपेतून माणसाला उठवतो. आम्ही दोघांनीही एकदमच श्वास ओढला. हे म्हणाले, "इस्त्री बंद केली होतीस ना?" मी म्हटलं, इस्त्री तुमची, दुकान तुमचं, आणि शेवटची विजार कुणी केली? झालं. तुमच्या बंधूंनी भर रस्त्यात गाडी वळवली आणि घराच्या दिशेने सोडली. अजिबात न थांबता, आवाज अजिबात कमी न करता. (इस्त्रीच्या चिंतेत तो राहून गेला, असं ते नंतर म्हणाले.) बाबांना मी ओरडून विचारलं, तुम्हाला वास येतोय का? चोवीस वर्षं धुराच्या मागावर काढलेला हा माणूस नाक जरासं उंच करून म्हणाला, "वास कसला, काही नाही. वाजू दे."

आता माझी कबुली. गेली सत्तावीस वर्षं मी मुलांना तर्कशास्त्र शिकवताना अनुमानाचं ते ठरलेलं उदाहरण फळ्यावर काढते आहे: डोंगर, त्यावर धूर, म्हणून तिथे अग्नी. मुलं कंटाळतात, मी कंटाळत नाही. आणि प्रत्यक्ष माझ्या बुडाखालच्या डोंगरावर धूर निघाला, तेव्हा मी काय अनुमान काढलं? तीन मैलांवरच्या दुकानातली इस्त्री. हेतू म्हणजे धूर इथे, आणि साध्य म्हणजे अग्नी तिथे. वर्गातल्या कुणी असं उत्तर लिहिलं असतं, तर मी त्याला शून्य देऊन वर पालकांना बोलावलं असतं. थोडक्यात, त्या गाडीत त्या क्षणी एक नैयायिक, एक इस्त्रीतज्ज्ञ आणि एक आगीच्या बंबावरचा जवान असे तिघे बसले होते, आणि आग ओळखायची अक्कल तिघांपैकी एकालाही झाली नाही.

घरी पोचलो. हे धावत पुढच्या खोलीतल्या दुकानात गेले, मी मागोमाग. इस्त्री थंड. नुसती थंड नव्हे, तिच्यावर हात ठेवला तर हाताला बरं वाटावं अशी. प्लगसुद्धा भिंतीतून काढून नीट गुंडाळलेला. (ती माझीच सवय आहे, पण तेव्हा बोलले नाही.) पुन्हा गाडीशी आलो तर वास गाडीत आमची वाट बघत बसलेला, आणि बाबा आत एकटे ढोल ऐकत बसलेले. इस्त्री काही आमच्याबरोबर फिरायला आली नव्हती, हे तेव्हा कुठे ध्यानात आलं. मी कार्पेटचं टोक उचललं. ती सुबक वायर मेणबत्तीसारखी मऊ झाली होती आणि तिच्या अंगातून धुराचा एक बारीकसा दोरा वर चालला होता.

यापुढचं मात्र तुम्ही बघायला हवं होतं. आम्ही दोघं त्या दोऱ्याकडे नुसते बघत उभे. बाबांनी वळून पाहिलं, आणि ज्या आवाजाला मी या घरात येण्याआधीच निवृत्ती मिळाली होती, तो आवाज परत आला. "इंजिन बंद! बाजूला हो! बॉनेट उघड, बॅटरीची वायर काढ, काळी आधी!" तुमच्या बंधूंनी दहा वर्षांच्या मुलासारखं सगळं क्रमाने केलं. बाबा काठी न घेता गाडीतून उतरले, कार्पेट मागे ओढलं, उलटा हात वायरच्या जवळ नेऊन धग पाहिली, आणि धूर पूर्ण विरेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "दुसरंच चाललं होतं रे. तिसरं ऐकायचं राहिलं." आणि काठी मागितली.

सोमवारी मी यांना हाताला धरून बॅटरीवालीकडे नेलं. मागच्या रस्त्यावर बॅटऱ्यांचं दुकान आहे ना, ते आता त्या जुन्या मालकांची मुलगी चालवते. चष्मा दोरीने गळ्यात, आणि हातात सतत काहीतरी काळं लागलेलं. तिच्या लेकीला मी दोन वर्षं संस्कृत शिकवलं होतं, त्यामुळे मला ती बाई म्हणते आणि फार विश्वास ठेवत नाही. जळकी वायर आणि दीडशेचा फ्यूज असे दोन्ही तिने काचेवर शेजारी शेजारी ठेवले. फ्यूज अगदी नवाकोरा, एक ओरखडा नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "हा कुणाच्या मापाचा घेतलात?"

"अँप्लिफायरच्या. थोडी माया धरून."

"अँप्लिफायरला त्याचे स्वतःचे आहेत, पाठीवर. तीस-तीसचे दोन. हा जो मध्ये लावतात तो वायरसाठी. वायर जेवढं पेलते त्याच्या आत फ्यूज हवा. म्हणजे वायर तापायच्या आधी तो मरतो. ही काडी तिसाच्या वर पेलत नाही. तिच्यावर दीडशे लावलात, म्हणजे गाडी जळून गेली असती तरी हा असाच थंड बसला असता."

तुमच्या बंधूंनी जळकी वायर चिमटीत धरून बघितली. मग म्हणाले, "म्हणजे मी चुकीच्या माणसाचं माप घेतलं." मला वाटतं, तेहेतीस वर्षांच्या धंद्यात हे वाक्य त्यांनी प्रथमच उच्चारलं. पण त्यात आणखी एक गोम निघाली. त्या बारीक वायरला तीसचाच फ्यूज योग्य होता! तो तिसऱ्या ठोक्याला तुटला तो आखूड होता म्हणून नव्हे, आपलं काम चोख बजावून तुटला. म्हणजे दातांच्या डॉक्टरांच्या कंबरेने आम्हाला आधीच वाचवलं होतं, आणि आम्ही ती सैल केली.

फ्यूज डिकीत लावला होता हे ऐकल्यावर तर बॅटरीवालीने चष्माच काढला. "बाई, तुम्ही तरी सांगायचं. पावसात चालत घरी यायचं आणि दारात पोचल्यावर छत्री उघडायची, असं झालं हे. बॅटरीपासून डिकीपर्यंत सतरा फूट वायर उघडी. मध्ये कुठे घासली, पत्र्याला टेकली, तर तिला वाचवणार कोण?" मी म्हटलं, बरोबर आहे. (मला काय कळत होतं? पण युक्तिवाद निर्दोष होता.) तिने निकाल दिला तो असा: दिराने पाठवलेली जाड वायरच घाला, ती शंभर सहज पेलते, अँप्लिफायर फार तर साठ मागणार, तेव्हा साठचा लावा, आणि बॅटरीपासून एका हाताच्या आत. मागणाऱ्याला पुरतो आणि वायरला जपतो. घरी आल्यावर यांनी मशीनच्या पायाखालून तुमची चिठ्ठी काढून उलगडली. तुम्ही तेच लिहिलं होतंत. त्यांनी ती वाचली, पुन्हा आठ पदरी घडी घातली आणि पुन्हा पायाखाली ठेवली. डुगडुगणं थांबायला हवंच ना.

पण उंचवट्याचा प्रश्न होताच, आणि इथे तुमच्या बंधूंना मी मनापासून दाद देते. मंगळवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून त्यांनी गाडीतलं सगळं कार्पेट बाहेर काढलं, दाराकडच्या कडेची शिवण उसवली आणि त्या कडेला डिकीपर्यंत लाल पायपिंग लावली. सोफ्याच्या गादीच्या कडेने जशी जाड दोरी घालून फुगीर पट्टी शिवतात, तशी. त्या पट्टीच्या पोटात दोरीऐवजी तुमची वायर आहे. उंचवटा आता दोष राहिला नाही, नक्षी झाला. दातांचे डॉक्टर विजार न्यायला आले होते ते गाडीत डोकावून म्हणाले, "हे कंपनीकडूनच असं येतं का?" हे नंतर दिवसभर शीळ घालत होते.

काल दुपारी आम्ही पोहण्याच्या तलावामागच्या मोकळ्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली. पुढे साठचा फ्यूज, बॅटरीपासून वीतभरावर. मी चपला काढून तळपाय कार्पेटवर ठेवून बसले होते, पहाऱ्यावर. ते नेहमीसारखे गार राहिले. पहिलं संचलनगीत झालं, "हा मी." दुसरं झालं. वायर गार, फ्यूज शाबूत, दिवे स्थिर. मग तिसरं लागलं. बाबा ताठ बसले. मध्यावर तो प्रसिद्ध विचका आला. बाबा म्हणाले, "पुन्हा लाव." पुन्हा लावलं. "पुन्हा." तिसऱ्या खेपेला डोळे मिटून ऐकलं, बोट वर केलंच नाही, आणि शेवटी इतक्या खटाटोपानंतर आमच्या कानांवर जे शब्द पडले ते असे: "आवाज जरा कमी कर." तुमचे बंधू किंचित दुखावले, पण मी म्हटलं, ठोका लागत असेल छातीला या वयात. परत येताना सगळे तृप्त होतो. नदीवरून वारा येत होता, काचा खाली होत्या, आणि गाडीला फक्त गाडीचा वास होता.

एवढं सगळं तुमच्या कृपेने घडलं, तेव्हा खोक्याबद्दल आभार. गुडघ्याला शेक द्या. बारीक वायरीचा नको. आमच्यावरची माया अशीच सैल राहू दे, आणि रागाला मात्र अगदी अंगाबरोबर फ्यूज लावा.

तुमची वहिनी

ता. क. तुम्ही पुढच्या महिन्यात याल तेव्हा तुमचे बंधू तुम्हाला आधी पायपिंग दाखवतील. तिची स्तुती करा. ती खरोखरच सुरेख आहे. दीडशेचा शब्द काढू नका. तो फ्यूज त्यांनी कापडावर ठेवायचं वजन म्हणून टेबलावर घेतला आहे. विचारलंत तर ते सांगतील की साठचाच लावायचा हे पहिल्यापासून ठरलं होतं. वहीत तसं लिहिलेलंही आहे.

आणखी एक. हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. काल संध्याकाळी मी चहा करत होते तेव्हा बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ डब्यांवरची नावं वाचल्यासारखं केलं आणि मग म्हणाले, "सूनबाई, तो लवकर आला नव्हता. मी उशिरा येत होतो." मी चहाचा कप पुढे केला. तो घेत पुढे म्हणाले, "सगळ्या गाण्यांत. तो तिसऱ्यात माझ्यासाठी थांबला नाही, एवढंच." चहा घेतला नाही, उभ्या उभ्या कप हातात धरून गार केला. तेव्हा भाऊजी, माझी विनंती अशी: दोन गल्ल्यांवर जाऊन त्या गृहस्थांना भेटा, आणि येताना त्यांना गाडीत घालून घेऊन या. का, ते सांगू नका. ते बाबांचं बाबांना सांगू दे. आणि कृपा करून त्यांचं खरं नाव मला आधी कळवा. दारात आलेल्या माणसाला मी फुंकणी कशी म्हणू?

शेवटचं. पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात बाबांनी ते मागून घेतलं आणि भिंग लावून सबंध वाचलं. त्यांच्या सांगण्यावरून त्यांच्याच शब्दांत जोडते आहे: "त्याला जरूर आण. तो बरोबर होता, हे मी तोंडावर कबूल करीन. पण त्याला एवढं आधी सांगून ठेव, की मोठा ढोल माझ्याकडे होता. मी उशिरा होतो, तर बाकीच्यांनी थांबायला हवं होतं."